खुनाचा सीन लिहिताय? आधी या चुका टाळा

आमच्या ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या मंडळाने यंदा गणपतीला खुनाची एकांकिका घेतली आणि मंडळात डॉक्टर मी एकटाच, म्हणून स्क्रिप्ट माझ्याकडे आलं. पहिल्याच पानावर डॉक्टर येतो, प्रेताच्या मनगटाला हात लावतो आणि म्हणतो, “मृत्यू रात्री १० वाजून २० मिनिटांनी झालाय”. अरे बाबा, तू डॉक्टर आहेस की ज्योतिषी?

सगळ्यात मोठी चूक हीच. वेळ मिनिटांत कधीच निघत नाही, काही तासांची रेंज निघते, तीपण दबकत. त्यात गोष्ट मे महिन्यातली, आणि आपल्याकडे मे म्हणजे ४५ डिग्री. जिवंत माणसाचं अंग ३७ डिग्री, मग बंद खोलीत कूलर नसताना ते प्रेत गार होणार कसं? “अंग थंड पडलंय, म्हणजे इतके तास झाले” हे थंड देशातलं गणित इथे उन्हाळ्यात साफ झोपतं. उरतं अंग ताठरणं, म्हणजे रायगर. ते साधारण एक-दोन तासांत पापण्या-जबड्यापासून दिसायला लागतं, मग सगळ्या अंगभर होतं, आणि गर्मीत लवकर येतं नि लवकर जातं, थंडीत बराच वेळ टिकतं. मरायच्या आधी माणूस पळाला, झटापट केली तर अजून लवकर येतं. उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवट डागही दिसतो. एवढं सगळं बघूनही डॉक्टर अंदाजच देतो, बाकी शेवटचं जेवण कधी, फोन कधी बंद झाला हे पोलिसांनी शोधायचं.

आता एक गोष्ट जी कोणी वापरतच नाही आणि मला राहून राहून आश्चर्य वाटतं. मेल्यावर रक्त वजनाने खालच्या बाजूला उतरतं आणि तिथे जांभळट डाग पडतात, काही तासांनी ते पक्के होतात. म्हणजे प्रेत पालथं सापडलं पण डाग पाठीवर, तर नक्की कोणीतरी नंतर हलवलंय! लटकलेल्या माणसाला पाय नि हातांत डाग येतात, आणि घट्ट पट्टा असेल तिथे पांढरी पट्टी राहते. फुकटचा ट्विस्ट आहे हो, घ्या ना!

विषाचं म्हणाल तर सिनेमात चहा गार व्हायच्या आत रिपोर्ट हजर. खरं म्हणजे पोट, आतड्याचा तुकडा, लिव्हर, किडनी असा विसेरा मिठाच्या गच्च पाण्यात बरणीत भरून सील करतात (फॉर्मॅलिनमध्ये नाही, नाहीतर विष शोधणं अवघड होतं), मग पोलीस तो लॅबला पाठवतात, आपल्या मध्य प्रदेशची मुख्य लॅब सागरला आहे, आणि पुढे वाट बघत बसायचं. तोवर डॉक्टर कारणावर मत राखून ठेवतो. खुनी कोण हे तर तो सांगतच नाही, ते त्याचं कामच नाही.

रात्री दोनला विजेरीच्या उजेडात पोस्टमॉर्टमही नको. २०२१ मध्ये केंद्राने सूर्यास्तानंतर परवानगी दिली खरी, पण संशयास्पद मृत्यू, खून, आत्महत्या यांना ती लागू नाही, तिथे कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच रात्री करतात.

बाकी किरकोळ. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की धाडकन बेशुद्ध, असं होत नाही, मिनिटं लागतात. मेलेल्याला सुरा मारला तर रक्ताचं कारंजं उडत नाही, हृदयच बंद आहे. आणि कोणी पडद्यावर तोंडावरची चादर काढून जखमेत बोटं घालतं ना, ते बघून मला हसूच येतं.

डायरेक्टरला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “दादा, मग गोष्ट जानेवारीत नेऊ”. म्हणून सगळ्यांना शाली-मफलर, आणि सप्टेंबरच्या दमट रात्री मांडवात लाईटखाली आमच्या प्रेताच्या कपाळावर घामाचे थेंब, पहिल्या रांगेतल्या काकूंनी मोठ्याने विचारलं, “अहो, हा अजून जिवंत आहे का?”