हॉर्नसाठी एचएफ ड्रायव्हर निवडताय? या चुका टाळा

नागपूरच्या सीताबर्डीत कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नमागचं, वरचे सूर वाजवणारं एचएफ म्हणजे हाय-फ्रिक्वेन्सी युनिट) घ्यायला गेलं की काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा पाहिजे?" विचारायला हवं ते वेगळंच: तुमच्या टॉपमध्ये (बेस आणि हॉर्न एकत्र असलेल्या बॉक्समध्ये) क्रॉसओव्हर, म्हणजे बेस आणि हॉर्नमध्ये आवाजाची वाटणी होते ती फ्रिक्वेन्सी, कितीवर आहे? ड्रायव्हर जगणार की उडणार, हे वॅटपेक्षा याच आकड्यावर जास्त ठरतं.

वॅट बघून घेणं

हॉर्नवर आवाज तेवढाच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली, तर डायाफ्रामला (ड्रायव्हरमधल्या हलणाऱ्या पातळ पडद्याला) दुप्पट हलावं लागतं. हॉर्नच्या कटऑफखाली, म्हणजे हॉर्न जिथपर्यंत काम करतो त्या फ्रिक्वेन्सीखाली, गेलात की हवेचा आधार सुटतो आणि ही हालचाल झपाट्यानं वाढते. डायाफ्राम आणि त्याच्यासमोरचा फेज प्लग (आवाज हॉर्नकडे नेणारा ठोकळा) यांच्यात जागा जेमतेम मिलिमीटरभर, बऱ्याचदा त्याहूनही कमी. म्हणून लेबलवरचा '१५० वॅट प्रोग्राम' हा आकडा एकटा काही सांगत नाही. एईएस रेटिंग (ठरलेल्या चाचणीत ड्रायव्हर सतत सोसतो ती पॉवर) साधारण त्याच्या निम्मं धरा, आणि ते कोणत्या फ्रिक्वेन्सीच्या वर दिलंय ती बारीक अक्षरातली ओळ डेटाशीटवर शोधाच.

ढोबळ हिशोब असा. १ इंची थ्रोट (घसा, म्हणजे हॉर्नला जोडणारं तोंड) आणि ४४ मिमी कॉइलचा ड्रायव्हर १.५ ते २ किलोहर्ट्झपासून वर चालवावा. १.४ इंची, ६५ ते ७५ मिमी कॉइलवाला ८०० ते १२०० हर्ट्झपासून. २ इंची, १०० मिमी कॉइलवाला ५०० ते ८०० पासून. १५ इंची बेसबरोबर टू-वे टॉप बांधून १.२ किलोहर्ट्झवर कापायचं (क्रॉसओव्हर तिथे ठेवायचा) असेल, तर १ इंचीवर पैसे वाचवू नका. पण सरसकट मोठा घेणंही बरोबर नाही. मोठा डायाफ्राम जड असतो आणि १० किलोहर्ट्झच्या आसपास त्याची स्वतःची थरथर सुरू होते. देशपांडे सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, जिथे निवेदन आणि गाणं जवळून ऐकायचंय, तिथे चांगला १ इंची ड्रायव्हर २ किलोहर्ट्झवर कापलेला जास्त गोड वाजतो.

हॉर्नचा आकारही यातच धरा. २५,४०० ला हॉर्नच्या अंशांमधल्या कोनानं आणि मीटरमधल्या रुंदीनं भागा, उत्तर हर्ट्झमध्ये येतं. ९० अंशांचा ३० सेंटीमीटर रुंद हॉर्न खाली साधारण ९५० हर्ट्झपर्यंत दिशा सांभाळतो, २० सेंटीमीटरचा १४०० पर्यंतच. त्याखाली आवाज फाकतो आणि लॉनच्या कडेला बसलेल्यांना वेगळंच ऐकू जातं.

आटे बसले म्हणजे जोडी जमली, असं समजणं

१ ३/८ इंच, इंचाला १८ आट्यांचा स्क्रू भोंग्याच्या युनिटलाही असतो आणि एचएफ ड्रायव्हरलाही. म्हणून भोंग्याचं युनिट टॉपच्या हॉर्नवर सहज चढतं. पण ते बोलण्यासाठी बनवलेलं असतं, वरचे सूर त्यात नसतातच. त्यात १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असेल तर अॅम्पशी थेट जोडणीही जमत नाही. बोल्टवाल्यांत १ इंचीला बहुधा ७६ मिमी अंतरावर दोन बोल्ट येतात, १.४ आणि २ इंचीला १०२ मिमी वर्तुळावर चार. १.४ आणि २ इंचीची भोकं जुळतात, घसा जुळत नाही. मधे पायरी राहिली की वरच्या पट्टीत खड्डे-उंचवटे येतात आणि ते इक्वलायझरनं नीट होत नाहीत.

८ च्या जागी १६ ओहम

ही चूक लक्षातच येत नाही, कारण बॉक्स वाजत राहतो. १० मायक्रोफॅरडचा एकटा कपॅसिटर ८ ओहमला साधारण २ किलोहर्ट्झवर कापतो. १६ ओहमचा ड्रायव्हर लावला की तोच कपॅसिटर १ किलोहर्ट्झवर कापू लागतो. मग नवा ड्रायव्हर पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात गेला तर दोष कंपनीचा नसतो. मल्टिमीटरवर ८ ओहमवाला साधारण ५ ते ६.५ दाखवतो, १६ वाला १० ते १२. बसवण्याआधी मोजाच.

पातळी न जुळवणं

समजा, हॉर्नवर ड्रायव्हर १०७ डेसिबल देतो, बेस ९७. हा १० डेसिबलचा फरक पॅसिव्ह बॉक्समध्ये (क्रॉसओव्हर आतच असलेल्या) रेझिस्टरनं काढायचा: ८ ओहमसाठी सीरिजला ५.६ आणि ड्रायव्हरला समांतर ३.९ ओहम. एकूण पॉवरपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त सीरिजवाला एकटा खातो. तिथे १० वॅटचा टाकला तर तो लाकूड काळं करतो.

अॅक्टिव्ह सिस्टिममध्ये वाटणी अॅम्पच्या आधी प्रोसेसरमध्ये होते आणि ड्रायव्हर थेट अॅम्पवर असतो. प्रोसेसरचा प्रीसेट चुकला किंवा बेसची केबल टॉपला लागली की क्षणात खेळ संपतो. ८ ओहमला ४० मायक्रोफॅरड सीरिजमध्ये टाका, १६ ला २०. पॉलिप्रॉपिलीन, २५० व्होल्ट. ५०० हर्ट्झखालचं आणि अॅम्पचा डीसी दोन्हींवर लगाम बसतो, १.५ किलोहर्ट्झच्या क्रॉसओव्हरला फारसा धक्का लागत नाही.

उडालेला डायाफ्राम न वाचता फेकणं

मागचं झाकण काढा आणि नीट बघा. कॉइल तपकिरी-काळी, वार्निशचा जळका वास, मीटरवर ओपन (तार तुटलेली): उष्णतेनं गेला. म्हणजे पॉवर जास्त झाली किंवा अॅम्प क्लिप होत होता (ताकद संपून आवाज फाटत होता). कॉइल स्वच्छ, पण टायटॅनियमच्या कडेला केसासारखी चीर किंवा आतल्या बाजूला घासल्याचा चकचकीत डाग: हालचाल जास्त झाली. मग क्रॉसओव्हर वर न्या. तसाच नवा डायाफ्राम टाकलात तर तोही तिथेच फाटणार.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या टेम्पोतला काळा बॉक्स त्याहून कितीतरी तापतो. निओडिमियम चुंबकाच्या साध्या ग्रेडची मर्यादा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, आणि एकदा उतरलेलं चुंबकत्व थंड झाल्यावर परत येत नाही. वजन उचलायची तयारी असेल, तर उघड्यावरच्या कामाला फेराइटवाला घ्या.

डायाफ्राम बदलताना चुंबकाच्या फटीत मास्किंग टेप घडी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून पूर्ण गोल फिरवा. टेप स्वच्छ निघेपर्यंत. मारबतीच्या मिरवणुकीत फिरून आलेल्या बॉक्समध्ये धूळ, गुलाल असं बरंच निघतं. लोखंडी कण फुंकरीनं निघत नाहीत. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. मग हॉर्नवर चढवून, क्रॉसओव्हरसकट, हळू आवाजात क्रॉसओव्हरपासून वर स्वीप (चढत जाणारा सलग सूर) द्या. खरखर आली तर स्क्रू ढिले करून डायाफ्राम किंचित सरकवा आणि पुन्हा स्वीप द्या. शेवटी दुसऱ्या टॉपशेजारी ठेवून दोन्ही एकत्र वाजवा. मधे उभं राहिल्यावर आवाज पोकळ वाटला, तर नव्या डायाफ्रामचे प्लस-मायनस उलटे लागले आहेत.