पंपाच्या पॅनेलचा शॉक बसायचा, तो असा थांबवला

आमच्या दहिसरच्या सोसायटीत कंपाउंडमध्ये पंपाचं लोखंडी पॅनेल आहे. पावसात त्याच्या दाराला हात लावला की झिणझिण्या यायच्या. वॉचमनकाका रोज तेच दार उघडतात, म्हणून मला स्वस्थ बसवेना.

वायरमनदादांना कारण लगेच सापडलं: अर्थिंगची वायर पाण्याच्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला बांधलेली होती आणि तो पाइप मधल्या काळात बदलून पीव्हीसीचा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या प्लास्टिकचा झाला होता. म्हणजे अर्थिंग उरलंच नव्हतं!

आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे 2.5 मीटरचा जीआय पाइप इमारतीपासून 1.5 मीटरपेक्षा लांब पुरला. थ्री-फेज असल्याने पॅनेलपासून अर्थिंगच्या दोन स्वतंत्र पट्ट्या नेल्या. दाराला वेगळी लवचीक तांब्याची वेणी जोडली, कारण बिजागरीवर भरवसा ठेवता येत नाही.

एवढ्यावर थांबू नका. अर्थिंगचा रोध 5 ओहम धरला, तरी वीज पॅनेलच्या लोखंडात उतरल्यावर 230 व्होल्टला जेमतेम 46 अँपिअर जमिनीत वाहतात. त्यावर 32 अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा स्विच) चटकन पडत नाही. म्हणून 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (थोडी गळती झाली तरी वीज तोडणारा स्विच) हवीच. तिचं टेस्ट बटण पावसाळ्याआधी दाबून बघा.