पहिले ४८ बाइट जुनेच का? डीएमए ड्रायव्हर डीबग करताना

ड्रायव्हर लिहायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. डेटा गोळा करून तो डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरीत, लिहिणाऱ्या एका कार्डासाठी मी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला आणि एक्स८६ डेस्कटॉपवर तो कित्येक महिने बिनबोभाट चालला. मग तोच कोड एआरएम बोर्डावर नेला आणि हजारोंत एखादी फ्रेम खराब यायला लागली. प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारा कॉल) टाकला की बग गायब, काढला की हजर. आठवडाभर मी हार्डवेअरवाल्यांना दोष देत होतो, ते मला.

शेवटी एक बाळबोध उपाय केला. बफर डिव्हाइसच्या हवाली करण्याआधी त्यात सगळीकडे ए५ (हेक्समधली, चटकन ओळखू येणारी बाइट) भरायचं आणि फ्रेम बिघडली की डम्प काढायचा. रात्रभर चालवल्यावर एक सापडली. ५१२ बाइटांपैकी पहिले ४८ बाइट नुसते ए५, ए५, ए५. एकोणपन्नासाव्यापासून पुढचा डेटा अगदी चोख. डिव्हाइसने लिहिलंच नाही म्हणावं, तर पुढचं बरोबर कसं आलं? आणि ४८ हा आकडा आला कुठून?

त्या प्रोसेसरची कॅशलाइन, म्हणजे कॅश मेमरीतून एका वेळी उचलते तो तुकडा, ६४ बाइटांची होती. चौसष्टातून अठ्ठेचाळीस गेले, उरले सोळा. माझ्या स्ट्रक्टमध्ये बफरच्या अगदी आधी दोन काउंटर होते, प्रत्येकी आठ बाइटांचे.

पुढचं कोडं मग आपोआप सुटलं. काउंटर आणि बफरचे पहिले ४८ बाइट एकाच कॅशलाइनमध्ये बसत होते. डिव्हाइस मेमरीत लिहीत असताना दुसऱ्या कोअरवरचा टायमर मध्येच काउंटर वाढवायचा. त्यामुळे ती अख्खी लाइन, जुन्या ए५ सकट, कॅशमध्ये यायची आणि डर्टी (बदललेली, पण मेमरीत परत लिहायची बाकी) व्हायची. पुढे कधीतरी ती मेमरीत परत लिहिली जायची आणि डिव्हाइसने टाकलेला ताजा डेटा पुसला जायचा. प्रिंटकेने फक्त वेळेचं गणित हलत होतं. एक्स८६ वर कॅश आणि डीएमए यांचा मेळ हार्डवेअरच घालतं, म्हणून तिथे हा बग जन्मभर दिसला नसता. बफर स्ट्रक्टमधून बाहेर काढून वेगळ्या केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) घेतला आणि प्रश्न मिटला.

तेव्हापासून डीएमएचा कुठलाही बग समोर आला की मी आधी एकच गोष्ट विचारतो: या क्षणी बफरचा ताबा कोणाकडे आहे? डीएमए_मॅप_सिंगल केलं की ताबा डिव्हाइसकडे गेला. अनमॅप करेपर्यंत सीपीयूने त्याला हात लावायचा नाही, शेजारच्या बाइटांनाही नाही. मध्येच वाचायचं असेल तर डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू, परत देताना फॉर_डिव्हाइस. नवीन माणूस हे सिंक विसरतो, किंवा दिशा (डेटा डिव्हाइसकडे जातोय की डिव्हाइसकडून येतोय) उलटी देतो, आणि डेस्कटॉपवर सगळं चालत असल्यामुळे त्याला पत्ताही लागत नाही.

स्टॅकवरचा बफर डीएमएला देणं ही दुसरी नेहमीची चूक. पूर्वी ती खपून जायची. कर्नल ४.९ पासून एक्स८६ वर स्टॅक व्हीमॅलॉकच्या जागेत (जिथल्या पत्त्यावरून डीएमएचा पत्ता सरळ काढता येत नाही) ठेवायची सोय आली, तेव्हा बरेच जुने यूएसबी ड्रायव्हर उघडे पडले.

कर्नल बिल्ड करताना कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबग चालू ठेवा. स्टॅकवरचा बफर, अनमॅप करताना चुकलेली लांबी किंवा दिशा, डीएमए_मॅपिंग_एरर न तपासणं, हे सगळं तो लॉगमध्ये ओरडून सांगतो. माझे ४८ बाइट मात्र त्याला सापडले नसते, कारण काउंटर वाढवणं हा साधा सीपीयूचा स्टोअर. एपीआयला त्याची खबरच नसते. त्यामुळे लॉग शांत आहे म्हणून ड्रायव्हर निर्दोष समजू नका.

माझं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे आयओएमएमयू, डिव्हाइसने वापरलेले पत्ते मेमरीच्या खऱ्या पत्त्यांत बदलणारं आणि मॅप न केलेले पत्ते अडवणारं हार्डवेअर. तो बंद असताना डिव्हाइस चुकीच्या पत्त्यावर लिहितं आणि तासाभराने भलत्याच प्रोसेसचा जीव जातो. चालू असेल तर त्याच क्षणी फॉल्ट येतो: कुठलं डिव्हाइस, कुठला पत्ता, वाचत होतं की लिहीत होतं. तो पत्ता मॅपिंगने दिलेल्या पत्त्याशेजारी कागदावर लिहून बघा. फॉल्टचा पत्ता शून्य असेल तर बहुधा डिस्क्रिप्टर (डिव्हाइसला बफरचा पत्ता आणि लांबी सांगणारी नोंद) भरायचाच राहिलाय. बफरच्या शेवटाला लागून पुढचा असेल तर लांबी चुकलीय. वरचे ३२ बिट गायब असतील तर कोणीतरी डीएमए_अ‍ॅडर_टी (डीएमए पत्त्याचा प्रकार) ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये कोंबलाय. आणि पत्ता ओळखीचा पण आधीच अनमॅप झालेला असेल, तर डिव्हाइस थांबवण्याआधीच तुम्ही बफर काढून घेतलाय. हा शेवटचा प्रकार पकडायचा असेल तर बूट करताना आयओएमएमयू.स्ट्रिक्ट=१ द्या. नाहीतर जुनी मॅपिंग आयओएमएमयूच्या टीएलबीमध्ये (पत्त्यांच्या भाषांतराची कॅश) थोडा वेळ जिवंत राहते आणि चूक निसटते.

फिजिकल पत्ता स्वतः काढून डिव्हाइसला देऊ नका, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण दर काही महिन्यांनी कोणाच्या तरी कोडमध्ये व्हर्ट_टू_फिज दिसतोच.

मास्क म्हणजे डिव्हाइस किती बिटांचे पत्ते वापरू शकतं हे ड्रायव्हर कर्नलला सांगतो ते. त्याचा घोळ मेमरी वाढली की उघड होतो. डिव्हाइसला ३२ बिटांपलीकडचे पत्ते कळत नाहीत, पण ड्रायव्हरने ६४ चा मास्क लावलाय. अशा वेळी २ जीबीच्या मशीनवर सगळं आलबेल आणि १६ जीबीवर डेटा भलतीकडे. मास्क बरोबर असेल तर कर्नल गरजेप्रमाणे बाउन्स बफर (डिव्हाइसला पोचेल अशा पत्त्यावरची मधली जागा, जिथून डेटा कॉपी होतो) वापरतो. तो साठाही मर्यादित असतो, सहसा ६४ एमबी. लॉगमध्ये एसडब्ल्यूआयओटीएलबी, म्हणजे हाच साठा, भरल्याची तक्रार दिसली तर आधी अनमॅप करायचं राहून मॅपिंग साठत नाहीत ना ते बघा, मग साठा वाढवायचा विचार करा.

डिस्क्रिप्टर रिंगमध्ये (डिस्क्रिप्टरांची गोल रांग) क्रम सांभाळा: आधी पत्ता आणि लांबी, मग डीएमए_डब्ल्यूएमबी (आधीचं लिखाण डिव्हाइसला आधी दिसेल याची हमी देणारा बॅरिअर), मग ताबा दाखवणारा बिट, आणि सगळ्यात शेवटी डोअरबेल (नवीन काम आलंय हे डिव्हाइसला कळवणारं रजिस्टर).

आणि काहीच हलत नसेल, इंटरप्ट नाही, फॉल्ट नाही, बफर जसाच्या तसा, तर रिंगच्या कोडकडे वळण्याआधी एलएसपीसीआय -व्हीव्ही (पीसीआय कार्डांची माहिती दाखवणारी कमांड) चालवा. बसमास्टरपुढे (कार्डाला स्वतःहून मेमरीत जायची परवानगी) वजाचं चिन्ह असेल तर पीसीआय_सेट_मास्टर राहिलंय. यात माझी अख्खी दुपार गेली होती. कार्डसुद्धा बदलून पाहिलं होतं.