भाषांतराकडे जायचंय? फ्रेंच थेट मराठीत आणा

संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला कॉलेजात फ्रेंच शिकताय आणि पुढे भाषांतराचा अभ्यास करायचाय? मग एक वही आजच वेगळी काढा. डावीकडच्या पानावर फ्रेंच बातमीतला एकच परिच्छेद हाताने उतरवा, उजवीकडे त्याचं मराठी. मध्ये इंग्रजी आणू नका. आपल्याकडे तीच सवय लागते आणि मग मराठी वाक्य इंग्रजीच्या वळणाचं होतं. आठवड्याने डावं पान झाकून मराठीवरून पुन्हा फ्रेंच लिहा आणि मुळाशी ताडून पाहा. ‘ती पाणी पिते’ इथे मराठीत पाण्याआधी काही लागत नाही, फ्रेंचमध्ये ‘द ल’ लागतं. असे गाळलेले शब्द लाल पेनाने नोंदवा. ‘जात होतो’ आणि ‘गेलो’ हा फरक मात्र आपल्याला घरचाच, त्यामुळे फ्रेंचमधले दोन भूतकाळ समजायला त्याचा आधार घ्या.

ऐकण्यासाठी आर.एफ.आय. या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या मोफत आहेत. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी२ ही वरची पातळी डोळ्यांसमोर ठेवा. आणि मराठी वाचन अजिबात सोडू नका, कारण भाषांतर शेवटी मराठीतच उतरवायचं आहे.