डॅशबोर्डची कंपोनंट लायब्ररी पब्लिश करताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा उत्पादन डॅशबोर्ड घ्या किंवा चिकोडी भागातल्या साखर कारखान्याचा गाळपाचा. कार्ड, तक्ते, आलेख दोन्हीकडे सारखेच लागतात, म्हणून रिअ‍ॅक्टमधल्या (स्क्रीन बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) या भागांचं, म्हणजे कंपोनंटचं, एक सामायिक पॅकेज करून एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावर) टाकणं शहाणपणाचंच. पण स्टोरीबुकमध्ये (कंपोनंट सुटे चालवून बघायच्या साधनात) नीट चालणारं पॅकेज दुसऱ्या टीमने बसवलं की मोडतं. कारण आपण सोर्स फोल्डर तपासतो आणि समोरच्याला मिळते पॅक केलेली फाइल.

पॅकेज बसलं, पण इम्पोर्ट सापडत नाही? आधी डिस्ट फोल्डर (बिल्डमधून तयार झालेल्या फाइली) आत गेलाय का ते पाहा. पॅकेज डॉट जेसनमध्ये ‘फाइल्स’ची यादी नसेल आणि एनपीएमइग्नोअरही (वगळायच्या फाइलींची यादी) नसेल, तर एनपीएम गिटची तशीच यादी, गिटइग्नोअर, वापरतं. त्यात डिस्ट हमखास असतो, म्हणजे नेमका बिल्डच बाहेर राहतो. ‘फाइल्स’मध्ये डिस्ट लिहा. मग ‘एनपीएम पॅक’ने निघालेली टीजीझेड फाइल कोऱ्या प्रकल्पात बसवून प्रॉडक्शन बिल्ड घ्या. ‘एनपीएम लिंक’ (लायब्ररीचा फोल्डर थेट जोडणारी कमांड) ही चाचणी नव्हे, त्यात प्रकल्पाचा वेगळा असूनही लायब्ररी स्वतःच्या फोल्डरमधला रिअ‍ॅक्ट उचलते.

‘इनव्हॅलिड हुक कॉल’ हा एरर बहुतेकदा याच दोन रिअ‍ॅक्टमुळे येतो. ‘एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट’ चालवून किती प्रती आहेत ते बघा. रिअ‍ॅक्ट पिअर डिपेन्डन्सीमध्ये (वापरणाऱ्या प्रकल्पाने पुरवायच्या पॅकेजांत) ठेवा आणि बंडलरमध्ये (फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनात) एक्स्टर्नल करा, म्हणजे बंडलबाहेर ठेवा. इथे एक बारीक खोच आहे: रोलअप या बंडलरला नुसतं ‘रिअ‍ॅक्ट’ सांगितलं तर ‘रिअ‍ॅक्ट/जेएसएक्स-रनटाइम’ तरीही बंडलमध्ये शिरतो. रिअ‍ॅक्ट १८चा रनटाइम असा आत राहिला की रिअ‍ॅक्ट १९ जुन्या आवृत्तीचा एलिमेंट म्हणून तक्रार करतो. दोन्ही नावं एक्स्टर्नलमध्ये लिहा.

डेव्हलपमेंटमध्ये रंग दिसतात, प्रॉडक्शनमध्ये गायब? पॅकेज डॉट जेसनमध्ये ‘साइडइफेक्ट्स: फॉल्स’ लिहिल्यामुळे बंडलर नुसत्या इम्पोर्ट केलेल्या सीएसएस फाइली फेकून देतो. त्या जागी सीएसएस फाइलींचा पॅटर्न असलेली यादी द्या.

आपल्या सीमाभागात एकच स्क्रीन मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लागते, आणि इंग्रजीवर बेतलेली कार्डं तिथे उघडी पडतात. ‘दैनिक गाळप’मधल्या ‘दै’ची मात्रा वर जाते. कन्नड ‘कब्बु’, म्हणजे ऊस, यात दुसरा ‘ब’ ओत्तक्षर (अक्षराखाली लिहायचं जोडव्यंजन) होऊन खाली लटकतो. घट्ट लाइन-हाइट, ठरावीक उंची आणि ‘ओव्हरफ्लो हिडन’ एकत्र आले की अक्षरं कापली जातात. उंचीऐवजी किमान उंची द्या आणि लाइन-हाइट १.५ पासून सुरू करा. स्टोरीबुकमध्ये तिन्ही लिप्यांचे नमुने कायमचे ठेवा, हे काम पुढे ढकलू नका.

आकड्यांचंही तसंच. ‘एमआर-आयएन’ लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) देवनागरी अंक देतं, ‘केएन-आयएन’ नेहमीचे इंग्रजी अंक. भाषा बदलली तरी आकडे एकसारखे हवे असतील तर ‘एमआर-आयएन-यू-एनयू-लॅटन’ वापरा, १,००,००० हा लाखाचा स्वल्पविराम तसाच राहतो. तक्त्याला मात्र कच्ची संख्याच द्या. फॉरमॅट केलेली अक्षरं दिली तर ‘१०’ हे ‘९’च्या आधी लागेल.

स्कोप असलेलं (नावाआधी ‘@संस्था/’ लागणारं) पॅकेज सर्वांसाठी खुलं करायचं असेल तर पहिल्या पब्लिशला ‘अ‍ॅक्सेस पब्लिक’ द्या, नाहीतर एनपीएम ते खासगी समजून ४०२ एरर देतं. एकदा वापरलेला आवृत्ती क्रमांक परत मिळत नाही, अनपब्लिश केलं तरी. १.२.० मध्ये चूक गेली असेल तर ती डेप्रिकेट करा, म्हणजे ‘वापरू नका’ अशी खूण लावा, आणि १.२.१ काढा.