पोहण्याचा पेस: काढायचा कसा, वापरायचा कुठे

एका फेरीची वेळ घ्या, चारने गुणा, झाला १०० मीटरचा पेस (१०० मीटरला लागणारी वेळ), असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक तलावावर भेटतात. त्यांचं ऐकू नका. २५ मीटर कुणीही दम कोंडून मारतो. सरावाला उपयोगाचा पेस म्हणजे दमछाक न होता बराच वेळ टिकणारा वेग.

आधी तलाव टेपने मोजा. फलकावर २५ लिहिलंय आणि प्रत्यक्षात २३ मीटर भरला, तर तुमचे '१००' म्हणजे ९२ मीटर. दोन मिनिटांचा पेस खरा २:१० निघतो.

मग चाचणी. सोलापुरात मे महिन्यात सुट्टीच्या बॅचला तलावात मुंगी शिरायला जागा नसते, तेव्हा पहाटेची पहिली बॅच गाठा. अंग मोकळं करून ४०० मीटर पूर्ण ताकदीने पोहा, दहा मिनिटं निवांत घ्या, मग २०० मीटर तसेच. दोन्ही वेळा उडी न मारता भिंतीला पाय लावून सुरुवात करा. ४०० च्या वेळेतून २०० ची वजा करा आणि दोनने भागा. ८:०० आणि ३:४८ असेल तर फरक ४:१२, म्हणजे २५२ सेकंद. निम्मे १२६, म्हणजे २:०६. हिशेब सेकंदांतच करा. कॅल्क्युलेटरवर ४.१२ भागिले २ केलं की उत्तर योगायोगाने बरोबर येतं. फरक ५:१० असेल तर तेच यंत्र २.५५ दाखवतं आणि खरा पेस असतो २:३५.

घोळ होतो तो ४०० मध्ये. पहिले १०० मीटर जोशात जातात, तिसऱ्यात हात जड होतात आणि शेवटी नुसता तग धरणं उरतं. एकूण वेळ फुगते आणि पेस आहे त्यापेक्षा संथ निघतो. उलट २०० मध्ये अंग राखलं तर फरक कमी पडतो आणि पेस खोटा वेगवान दिसतो. ही चूक जास्त महागात पडते, कारण त्या आकड्यावर बेतलेला एकही सेट (ठरावीक अंतर, ठरावीक विश्रांती घेत पुन्हा पुन्हा पोहणं) पुरा होत नाही. म्हणून काठावर कुणाला तरी उभं करून दर १०० ची वेळ लिहून घ्या. ४०० मधले पहिले आणि तिसरे शतक यांत चार-पाच सेकंदांहून जास्त तफावत असेल, तर ती चाचणी फेकून द्या आणि दोन दिवसांनी पुन्हा करा. आणखी एक पडताळा: २०० ची वेळ ४०० च्या बरोबर निम्मी आली, तर २०० तुम्ही मन लावून पोहलाच नाहीत. मनगटावरचं घड्याळ काहीही म्हणो. वळताना ते एखादी फेरी सहज चुकवतं.

आता वापर. पेस २:०६ असेल तर मुख्य सेट १०० मीटरचे दहा, प्रत्येक २:०६ मध्ये, मधे वीस सेकंद विश्रांती. म्हणजे दर २:२६ ला सुटायचं. पहिला २:०० मध्ये मारून शाबासकी मिळत नाही. दहावा पहिल्याइतकाच आला पाहिजे. हलक्या दिवशी आठ-दहा सेकंद संथ.

स्पर्धेत १५०० मीटरसाठी हाच पेस धरा: १५ गुणिले १२६, म्हणजे ३१:३०. उजनीसारख्या उघड्या पाण्यात भिंतीचा धक्का नसतो, मान वर काढून दिशा बघावी लागते, लाट असते. तिथे १०० मागे पाच-सहा सेकंद वाढवूनच गणित मांडा. १.९ किलोमीटरला २:१२ धरला तर ४१:४८. सरावालाही तिथे एकट्याने उतरू नका, सोबत नाव हवीच.

चाचणी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करा, पण जानेवारीचा आकडा मे महिन्याच्या आकड्याशी ताडू नका. पारा चाळिशीपार गेला की तलावाचं पाणी कोमट होतं, शरीराची उष्णता बाहेर पडत नाही आणि त्याच मेहनतीत वेग घटतो.