एकदल की द्विदल? अनोळखी रोप ओळखताना

बी हाती असेल तर निवाडा रात्रीतच होतो: भिजवलेल्या वालाची साल काढून तो दाबला की डाळिंबीचे दोन भाग, म्हणजे दोन बीजपत्रे (बीमधली पहिली पाने), सुटतात, म्हणून तो द्विदल; मक्याचा दाणा तसा दुभंगत नाही, तो एकदल. मूळ पाहायचे असल्यास ओल्या मातीतून रोप अलगद उपटावे. सोटमूळ निघाले तर द्विदल, तंतुमुळांचा झुबका निघाला तर एकदल. मात्र छाट लावून वाढवलेल्या रोपाला सोटमूळ नसतेच, त्यामुळे तिथे ही कसोटी लावू नये.

खरी फसगत होते ती पानापाशी. ‘समांतर शिरा म्हणजे एकदल, जाळीदार शिरा म्हणजे द्विदल’ एवढेच पाठ करून परसात उतरणारा अळूपाशी चुकतोच. पानातली जाळी पाहून मी स्वतः कितीतरी दिवस अळू आणि सुरण द्विदलांत घालत होतो. वडीसाठी पाने काढताना एकदा अळूचा देठ पार बुडापासून सोलला गेला, तेव्हा तो खाली म्यानासारखा पसरलेला आणि त्याच्या कुशीत पुढचे पान सुरळी होऊन बसलेले दिसले. असे म्यान केळीला, हळदीला, ज्वारीलाही असते. तेव्हापासून मी शिरांच्या आधी देठाचा बुडखा पाहतो. अर्थात कोथिंबिरीच्या देठालाही थोडे म्यान असते, म्हणून तेवढ्यावरही निकाल देऊ नये.

उलट चकवा ऑस्ट्रेलियन बाभळीचा. तिच्या लांबट ‘पानां’तल्या शिरा लांबीच्या दिशेने धावतात, पण ती पाने नव्हेतच, चपटे झालेले देठ आहेत. बियांपासून नुकतेच उगवलेले रोप शोधावे. त्याची पहिली पाने साध्या बाभळीसारखी पिसांची असतात. एकट्या पानावरून ठामपणे सांगणाऱ्याचा सल्ला मी तरी ऐकत नाही.

शंका उरली तर कोवळे खोड लाल शाईच्या पाण्यात काही तास उभे ठेवून आडवे कापावे. द्विदल तेरड्यात लाल ठिपक्यांचे कडे दिसते, एकदल मक्यात ठिपके कापभर विखुरलेले असतात.

फुलाच्या पाकळ्या तीनच्या पटीत असल्यास बहुधा एकदल, चार-पाचच्या पटीत असल्यास द्विदल. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण सीताफळ: त्याच्या फुलात तीन जाड पाकळ्या ठळक दिसतात आणि बीजपत्रे मात्र दोनच असतात.